दिल्ली पाहिली, यमुना राहिली!

बसमधून दिल्लीदर्शन करणाऱ्या मराठी पाहुण्याला लाल किल्ला दिसतो, कुतुबमिनार दिसतो. पण ज्या नदीमुळे हे शहर वसलं, जिच्या काठावर मराठी फौजांनी रक्त सांडलं, ती यमुना मात्र खिडकीतून निसटून जाते. ती पाहायची तर बसमधून उतरून नावेत बसायला हवं.

वैष्णोदेवी असो, हरिद्वार असो की सिमला-मनाली, मराठी कुटुंबाच्या उत्तरेकडच्या सहलीत दिल्ली लागतेच. परतीच्या गाडीला एक दिवस उरलेला असतो. मग ठरतं, ‘चला, दिल्लीदर्शन करून टाकू.’ सकाळी पोह्यांची आठवण काढत आलू-पराठे खायचे, पाण्याच्या बाटल्या भरून घ्यायच्या, गुडघे दुखणाऱ्या आजीला पुढची सीट मिळवून द्यायची आणि मुलांनी खिडकीसाठी भांडायचं. दिल्लीदर्शनाची सुरुवात साधारण अशीच होते.

दिल्ली परिवहन महामंडळाची, म्हणजे ‘डीटीसी’ची, दिल्लीदर्शन बस वर्षानुवर्षं कनॉट प्लेसच्या सिंदिया हाऊसजवळून सुटत आली आहे. सिंदिया हे आपल्या शिंद्यांचंच उत्तरेतलं रूप. साताऱ्या-सांगलीकडून आलेल्या माणसाचे कान हे नाव ऐकताच टवकारले तर नवल नाही. २०१० साली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दिल्ली पर्यटन खात्याने ‘हो-हो’ बसही सुरू केली. एकदा तिकीट काढायचं, हव्या त्या ठिकाणी उतरायचं आणि मागून येणाऱ्या बसमध्ये चढायचं, अशी ही पद्धत लंडन-पॅरिसमध्ये रुळलेली होती. याशिवाय खासगी बसवाले आहेतच.

बस कोणतीही घ्या, ठिकाणांची यादी फारशी बदलत नाही. १९३९ साली गांधीजींच्या हस्ते खुलं झालेलं बिर्ला मंदिर, बसमधूनच दाखवलं जाणारं राष्ट्रपती भवन, ४२ मीटर उंचीचं इंडिया गेट, ७२ मीटरहून उंच कुतुबमिनार, कमळाच्या आकाराचं बहाई प्रार्थनामंदिर, हुमायूनची कबर, राजघाट, लाल किल्ला आणि शेवटी अक्षरधाम. एका दिवसात आठ-नऊ ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणी ‘चला, चला, बस सुटतेय’ची घाई. तरीही कमी पैशांत, वाट न चुकता एवढं पाहून होतं, हे बसचं श्रेय मान्य करायलाच हवं.

सगळी ठिकाणं नदीकाठची

या यादीत एक गंमत दडली आहे. कुतुबमिनार आणि नव्या दिल्लीतल्या इमारती सोडल्या, तर जुन्या दिल्लीतली बहुतेक ठिकाणं मुळात यमुनेच्या काठी उभी राहिली. हुमायूनची कबर बांधली तेव्हा नदी तिच्या अगदी जवळून वाहत होती. पुराना किल्ल्याच्या खंदकाला यमुनेचं पाणी मिळे. १९४८च्या ३१ जानेवारीला गांधीजींवर अंत्यसंस्कार झाले, तेही यमुनाकाठी म्हणूनच.

क्रिकेटमुळे घराघरात पोचलेल्या फिरोजशहा कोटल्याचं उदाहरण घ्या. मैदानाशेजारच्या जुन्या किल्ल्याच्या अवशेषांवर सम्राट अशोकाचा एक अखंड दगडी स्तंभ उभा आहे. वजन सुमारे २७ टन! चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशहा तुघलकाने तो अंबाल्याजवळच्या टोपरा गावाहून आणवला. स्तंभ खाली घेताना त्याला इजा होऊ नये म्हणून सावरीच्या कापसाची गादी अंथरली होती. मग बेचाळीस चाकांच्या गाड्यावर घालून तो नदीपर्यंत ओढत नेला आणि मोठ्या नावांवर चढवून यमुनेतून थेट दिल्लीला उतरवला. त्या काळच्या इतिहासकाराने हे सगळं तपशीलवार लिहून ठेवलं आहे.

लाल किल्ल्याचंही तसंच. १६३९ ते १६४८ या काळात शहाजहानने तो बांधला, तो नदीला चिकटून. पर्यटक आज लाहोरी दरवाजातून आत शिरतात, पण बादशहाने १६४८ साली आपल्या नव्या राजवाड्यात प्रवेश केला तो नदीकडच्या दरवाजाने. दिवाण-इ-खास, रंगमहाल हे सगळे महाल एका रांगेत नदीकडे तोंड करून बांधले आहेत. पाण्यावरून येणारा गार वारा थेट आत यावा, हा त्यामागचा हिशेब.

पुढे नदी पूर्वेला सरकली. तिने सोडलेल्या जागेतून रिंग रोड गेला. आज रंगमहालाच्या मागे वाकून पाहिलं तर पाणी दिसत नाही, मोटारींची रांग दिसते. बसमधल्या पाहुण्याला नदी दिसलीच तर पुलावरून जाताना मिनिटभर, आणि तेव्हाही बहुतेक जण नाकाला रुमाल लावतात.

नकली नदी, खरी नदी

बसच्या शेवटच्या थांब्यावर मात्र नाव भेटते. २००५ साली खुल्या झालेल्या अक्षरधाम मंदिराच्या आवारात ‘संस्कृती विहार’ नावाची नौकासफर आहे. मोराच्या आकाराच्या नावा बांधीव कालव्यातून संथ सरकतात आणि दहा-बारा मिनिटांत वैदिक काळापासूनचा भारत देखाव्यांतून दाखवतात. दिवसभर चालून दमलेल्या आजी-आजोबांना बसल्या जागी हे पाहायला मिळतं, मुलंही हरखून जातात. पण चुटपूट लावणारी गोष्ट अशी, की या स्वच्छ कालव्यापासून खरी यमुना हाकेच्या अंतरावर वाहते आणि तिच्यात नावेने फिरावं असं कुणाला वाटत नाही.

मुंबईकराला हे चमत्कारिक वाटेल. गेटवेला गेलेला पाहुणा घारापुरीच्या लाँचमध्ये बसल्याशिवाय परतत नाही. दिल्लीत नाव म्हटलं की जुन्या लोकांना आठवतात त्या पुराना किल्ल्याच्या तळ्यातल्या पॅडल बोटी, आणि तेही नौकानयन मधली काही वर्षं बंद होतं.

खरी नाव मिळते ती काश्मिरी गेटच्या पलीकडे, निगमबोध घाटाला लागून असलेल्या यमुना बाजारच्या घाटांवर. हिवाळ्यात पहाटे तिथे गेलं तर दिल्लीचं वेगळंच रूप दिसतं. धुक्यात अर्धा बुडालेला लोखंडी पूल, लाकडी नावांची रांग आणि पाण्यावर हजारोंनी भिरभिरणारे पांढरे कुरव पक्षी. उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतून ते दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास येतात आणि उन्हाळा लागण्याआधी परततात. नावाडी विशिष्ट आवाजात साद घालतात, पक्षी नावेभोवती गोळा होतात आणि फोटोवाल्यांची झुंबड उडते. भाडं घासाघीस करून आधीच ठरवलेलं बरं. पक्ष्यांना शेव-फरसाण घालायचा मोह मात्र आवरावा. तळलेलं, खारट खाणं त्यांना अपायकारक असतं.

नावेतून दिसणारा तो लोखंडी पूल १८६६चा. त्याआधी इथे नावा एकमेकींना बांधून केलेला तरता पूल होता. १८५७च्या ११ मेच्या सकाळी मीरतचे बंडवाले शिपाई याच नावांच्या पुलावरून दिल्लीत शिरले. इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत संपणारा हा प्रसंग नावेत बसून ऐकला की मुलांच्याही लक्षात राहतो.

आणि पाणी? ते काळं आहे, त्याला वास येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. वजिराबादच्या बंधाऱ्याशी दिल्ली पिण्यासाठी यमुनेचं पाणी उचलते. बंधाऱ्याखाली, पावसाळा सोडला तर, स्वच्छ पाणी जेमतेम उरतं आणि तिथेच नजफगडचा मोठा नाला नदीला मिळतो. वजिराबाद ते ओखला हा पट्टा फक्त २२ किलोमीटरचा, नदीच्या एकूण लांबीच्या दोन टक्केही नाही. पण नदीतल्या एकूण प्रदूषणाचा सुमारे तीन-चतुर्थांश भार एवढ्याशा पट्ट्यातच पडतो.

जिथे दत्ताजी पडले

बंधाऱ्याच्या वर मात्र चित्र वेगळं आहे. तिथे पाणी अडलेलं असतं आणि शहराचे मोठे नाले अजून मिळालेले नसतात. म्हणूनच सोनिया विहार ते जगतपूर या सुमारे चार किलोमीटरच्या पट्ट्यात पर्यटकांसाठी बोटी चालवण्याची योजना पुढे आली आणि २०२५च्या मार्चमध्ये केंद्र आणि दिल्ली सरकारच्या संस्थांनी तसा करार केला.

मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावं. जगतपूरच्या शेजारचं गाव म्हणजे बुराडी, आपल्या बखरींतला बुराडी घाट! अब्दालीच्या फौजांना यमुना ओलांडू द्यायची नाही, म्हणून दत्ताजी शिंदे इथल्या उतारांवर ठाण मांडून होते. १० जानेवारी १७६० रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवशी, नजीबखानाच्या फौजा पाणी ओलांडून आल्या. नदीतल्या बेटांवर माणूसभर उंचीचं गवत माजलेलं, शत्रू दिसेना. त्या झुंजीत दत्ताजी पडले, तरुण जनकोजी जखमी झाले. ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ हे दत्ताजींच्या तोंडी परंपरेने आलेले शब्द महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही पाठ असतात. पण ते जिथे उच्चारले गेले तो घाट कुतुबमिनारपासून किती लांब, हे पानिपतला आवर्जून जाणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. दिल्लीदर्शनाच्या यादीत बुराडी नाही.

यमुनेने मराठ्यांचे चांगले दिवसही पाहिले. १७७१ साली मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि पुढच्याच वर्षी बादशहा शाह आलमला गादीवर आणून बसवलं. त्यानंतर महादजी शिंद्यांचा शब्द लाल किल्ल्यात चालू लागला. त्या पर्वाचा शेवटही याच नदीच्या काठी झाला. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पैलतीरावर पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, मग यमुना ओलांडून इंग्रज दिल्लीत आले. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे.

२०२५च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियममध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा महाराष्ट्रातून आलेल्या रसिकांची दिल्लीत गर्दी झाली होती. १७३७ साली पहिले बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकले, तेव्हा याच तालकटोऱ्याच्या परिसरात चकमक झडली होती. त्यांच्यासारख्या पाहुण्यांसाठी बुराडी, पटपडगंज आणि तालकटोरा जोडणारी एखादी बस कुणी काढली, तर ती रिकामी जाणार नाही.

नदीला पत्ता ठाऊक आहे

दिल्ली यमुनेला विसरली असली, तरी यमुना आपली जुनी वाट विसरलेली नाही. १३ जुलै २०२३ रोजी लोखंडी पुलाजवळ पाण्याने २०८.६६ मीटरची पातळी गाठली. धोक्याची खूण २०५.३३ मीटरवर आहे, आणि १९७८च्या महापुराचा २०७.४९ मीटरचा उच्चांकही त्या दिवशी मागे पडला. रिंग रोड बुडाला, राजघाटाच्या आवारात पाणी भरलं आणि नदी पुन्हा एकदा लाल किल्ल्याच्या तटाला येऊन भिडली. सखल भागातल्या हजारो कुटुंबांना घरदार सोडून रस्त्याकडेच्या तंबूंत राहावं लागलं. नदी कुठे होती आणि तिची जागा कुणी घेतली, हे दिल्लीकरांना त्या आठवड्यात कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

म्हणून पुढच्या वेळी दिल्लीत एकाऐवजी दोन दिवस काढता आले तर पाहा. पहिला दिवस बसला द्या. दुसऱ्या दिवशी मुलांना पहाटे उठवा, स्वेटर-कानटोप्या चढवा आणि यमुनेच्या घाटावर न्या. नावेत बसून बुराडीच्या दिशेला बोट करा आणि त्यांना दत्ताजींची गोष्ट सांगा. पाण्याला वास का येतो, हे ती विचारतीलच. त्याचंही खरं उत्तर द्या.

निघण्यापूर्वी...

• लाल किल्ला, अक्षरधाम आणि कमळमंदिर सोमवारी बंद असतात. दिल्लीदर्शनासाठी मंगळवार ते रविवार यांतला दिवस निवडा. पुढे आग्र्याला जाणार असाल तर ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, हेही लक्षात असू द्या.

• बसच्या वेळा, भाडं आणि थांबे बदलत असतात. आदल्या दिवशी चौकशी करून जागा राखून ठेवावी.

• अक्षरधाममध्ये मोबाईल, कॅमेरा, पिशव्या आत नेता येत नाहीत. त्या जमा करायच्या रांगेत वेळ जातो.

• नावेची खरी मजा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदयाच्या वेळी. पावसाळ्यात नदीत उतरू नये. लाइफ जॅकेट नसेल तर लहान मुलांना नावेत बसवू नये.

• नदीचं निरोगी रूप पाहायचं असेल तर जगतपूरजवळच्या यमुना जैवविविधता उद्यानात चक्कर मारावी. बुराडी तिथून जवळच आहे.