मोटारीची कमान आणि कन्नडचा घाट



चाळीसगावहून कन्नडकडे निघाले की अजिंठा-सातमाळ्याची रांग आडवी येते आणि रस्ता वळणे घेत घाट चढू लागतो. यालाच औट्रम घाट असेही म्हणतात. याच घाटात काही वर्षांपूर्वी भौतिकशास्त्राचा एक धडा मला नव्याने शिकावा लागला. वर्गात तो मी दरवर्षी शिकवत होतो, ही त्यातली गंमत!

आमच्या घरी वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईच्या कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फियाट कंपनीच्या आराखड्यावरून ही गाडी बनत असे. १९७४ पासून तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्यांच्या ओळखीची होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून निवृत्त झाली. आमची गाडी गॅसवर चालवण्यासाठी मी डिकीत टाकी बसवली, तशी नोंदही करून घेतली. परंतु टाकीच्या वजनाने गाडीचा मागचा भाग बसला. मग मी मागच्या दोन्ही कमानींत एकेक पाटा वाढवून घेतला. गाडी दिमाखाने उभी राहिली. मिस्त्री म्हणाले, “सर, शॉकअब जुने झालेत, तेही बदलून घ्या.” पैसे वाचवायचे म्हणून मी ते टाळले.

पुढच्याच आठवड्यात घाट उतरताना एका खडबडीत वळणावर गाडीचा मागचा भाग टणटण उडाला आणि कठड्याकडे सरकला. मागे माझी मुलगी बसली होती. गाडी सावरली, कुणाला इजा झाली नाही. पण घरी येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. चूक कोठे झाली होती? चला, शोधू या.

स्प्रिंगचे काम काय?

इंग्लंडच्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६७८ साली नियम प्रसिद्ध केला, की स्प्रिंगवर जितके बल लावावे तितक्या प्रमाणात ती ताणली किंवा दाबली जाते. घोडागाडीला लंबवर्तुळाकार कमानी लावण्याचे पेटंट ओबादिया एलियट याने १८०४ मध्ये घेतले. आपल्या बैलगाडीला अशी कमान नसते, म्हणून चाकाला बसलेला प्रत्येक धक्का थेट आपल्या पाठीला जाणवतो. पद्मिनीला पुढे वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आणि मागे पाट्यांच्या कमानी असतात. अ‍ॅम्बॅसडर गाडीला मागे पाटेच असत, पुढे मात्र पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्या स्प्रिंगचे काम करीत.

चाक दगडावर चढले की स्प्रिंग दबते आणि धक्क्याची ऊर्जा साठवते. पण साठवलेली ऊर्जा ती परतही करते! म्हणून गाडी वर-खाली झुलू लागते. किती वेगाने झुलेल, हे काढण्याची एक सोपी युक्ती आहे. ती तुम्हीच करून पाहा.

प्रयोग

वेटोळ्यांमध्ये फट असलेली एक हलकी, लांब स्प्रिंग खिळ्याला टांगा. तिला वजन लावा आणि ती किती सेंटिमीटर लांबली ते मोजा. मग वजन थोडे खाली ओढून सोडा आणि १० आंदोलनांना लागणारा वेळ घड्याळाने मोजा. लांबलेल्या सेंटिमीटरांचे वर्गमूळ काढून त्याची दुप्पट करा. जवळजवळ तितकेच सेकंद लागलेले दिसतील! स्प्रिंग ४ सेंटिमीटर लांबली तर ४ सेकंद, ९ सेंटिमीटर लांबली तर ६ सेकंद. वजन किती होते, हे माहीत असण्याचीही गरज नाही.

हाच हिशेब मोटारीला लागतो. गाडीच्या वजनाने स्प्रिंग १६ सेंटिमीटर दबली असे धरू. मग १० आंदोलनांना ८ सेकंद, म्हणजे सेकंदाला सव्वा आंदोलन. साधारणपणे सेकंदाला १ ते १.५ आंदोलने माणसाला सुखाची वाटतात. फार संथ झुलणाऱ्या गाडीत मळमळते, तर सेकंदाला ४ ते ८ कंपने झाली की पोट आणि पाठ तक्रार करू लागतात.

एक मिलिमीटरची किंमत

आता समजा, ‘दणकट’ स्प्रिंग हवी म्हणून १२ मिलिमीटर जाडीच्या तारेऐवजी १३ मिलिमीटरची तार घेतली. फरक नखाएवढाही नाही. पण वेटोळ्याच्या स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. १३ भागिले १२ चा चौथा घात काढा. उत्तर सुमारे १.३८ येईल. म्हणजे स्प्रिंग ३८ टक्के ताठ झाली! ती आता १६ ऐवजी ११.६ सेंटिमीटरच दबेल, आणि तिची मूळ लांबी तेवढीच असेल तर गाडी सुमारे ४ सेंटिमीटर उंच उभी राहील.

पाट्यांच्या कमानीत ताठपणा जाडीच्या तिसऱ्या घाताप्रमाणे वाढतो. ६ ऐवजी ७ मिलिमीटरचे पाटे घातले तर सुमारे ५९ टक्के वाढ. सारख्याच ५ पाट्यांत सहावा घातला तर सुमारे २० टक्के. काही हौशी लोक गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंगची वेटोळी कापतात. ८ वेटोळ्यांतली २ कापली तर उरलेली स्प्रिंग एक-तृतीयांशाने अधिक ताठ होते, शिवाय तिचे टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही. असे कधीही करू नये.

आंदोलन थांबवतो कोण?

साठवलेली ऊर्जा कोणीतरी संपवली पाहिजे. हे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअबचे. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या हलला की ते बारीक छिद्रांतून जाते आणि गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते. लांब, खडबडीत रस्त्यानंतर शॉकअब गरम लागतो तो त्यामुळेच. पाटे एकमेकांवर घासून थोडी ऊर्जा खातात, वेटोळ्यांच्या स्प्रिंगला तीही सोय नाही.

स्प्रिंग ताठ केली की शॉकअबचा रोधही वाढवावा लागतो, ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. ताठपणा २० टक्के वाढला तर रोध सुमारे १० टक्के जास्त हवा. माझ्या गाडीत कमान ताठ झाली, पण शॉकअबमधले तेल केव्हाच गळून गेले होते!

त्या वळणावर काय घडले ते आता पाहा. रस्त्यावरची पकड घर्षणातून येते, आणि घर्षण चाक रस्त्यावर किती दाबले गेले आहे यावर अवलंबून असते. थोपवणारा कोणी नसल्याने मागची चाके उडत राहिली. चाक रस्त्यावरून उचलले त्या क्षणी पकड शून्य! त्यात मागची बाजू पुढच्यापेक्षा ताठ झालेली. वळणावर गाडी कलते तेव्हा ताठ बाजूच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार सरकतो. पण भार वाढतो त्या प्रमाणात टायरची पकड वाढत नाही. म्हणून मागची जोडी आधी घसरली.

उंचीचा हिशेब

१२०० किलोची गाडी ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरू. तिला वळवायला सुमारे ५०० किलो वजनाइतके बल लागते. गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंच आणि दोन चाकांतले अंतर १२० सेंटिमीटर असेल, तर ५०० गुणिले ५५ भागिले १२०, म्हणजे सुमारे २३० किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. गाडी ४ सेंटिमीटर उंच केली की तोच भार सुमारे २४५ किलो होतो. गाडी उंच करून ‘मजबूत’ होत नाही, हे ध्यानात घ्या.

मग निवड कशी करावी?

जुनी गाडी सुधारायची असेल तर क्रम असा ठेवावा. प्रथम टायर आणि झिजलेले रबरी बुश. पुष्कळदा निम्मा खडखडाट इथेच थांबतो. नंतर शॉकअब, आणि तेही जोडीने. पद्मिनीचे उत्पादन कधीच थांबले असल्याने दुसऱ्या गाडीचे शॉकअब बसवले जातात. तेव्हा त्यांची दबलेली आणि ताणलेली लांबी मोजून पाहावी. गाडी पूर्ण दबण्याआधीच शॉकअब टेकला तर तो तुटणार. स्प्रिंग सर्वांत शेवटी, तीही वजन खरोखर वाढले असेल तरच. जड, मोठी चाके टाळावीत. चाकाचे वजन स्प्रिंगेच्या खाली असते. ते जितके जास्त तितके खड्ड्यातून सावरून रस्त्याला टेकणे चाकाला अवघड. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मनाने करता येत नाही.

मी नवे शॉकअब घेतले, जादा पाटा काढून पातळ पाटा घातला. त्यानंतर गाडीचा कोपरा दाबून सोडला, तर ती एकदा वर येऊन जागेवर स्थिर झाली. पूर्वी ती तीन-चार वेळा झुलत असे. तुमच्या घरच्या वाहनावर ही परीक्षा मोठ्या माणसांच्या देखत जरूर करून पाहा.

आणि एक सुधारणा अशी आहे की जिला पैसाही लागत नाही. वळणावर लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मग त्याच वळणावर वेग ताशी ४० ऐवजी ३० ठेवला तर ते ५०० किलो किती होतील? उत्तर काढा आणि पुढच्या वेळी घाटातून जाताना गाडी चालवणाऱ्याला ते आवर्जून सांगा. आमच्या घरी हे काम माझी मुलगी करते.