कापडबाजारातला ‘खण’ : नगरची जुनी पेठ कशी वाचायची?

मंडळी, नगर म्हटलं की आपल्याला भुईकोट किल्ला आठवतो. चांदबिबी आठवते, १९४२ नंतर तिथे कैदेत असलेले नेहरू आठवतात. आज मात्र आपण किल्ल्यात जाणार नाही, कापडबाजारात जाणार आहोत.

१४९० साली मलिक अहमदने भिंगारजवळ लढाई जिंकली आणि त्याच परिसरात हे शहर वसवलं. किल्ला वेगळा, पेठ वेगळी, आणि पेठेला स्वतःचा तट. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीच्या फौजेने ८ तारखेला आधी पेठेच्या तटाला शिड्या लावल्या. किल्ला १२ तारखेला पडला. त्या तटाच्या खुणा म्हणून माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा आजही उभे आहेत.

ही पेठ पोसली मागाने. मुंबई-सोलापूरसारखं हे गिरण्यांचं शहर नव्हतं. साळी, कोष्टी, पद्मशाली यांच्या घरातच लुगडी विणली जात, म्हणजे घर हाच कारखाना. खड्ड्याच्या मागावर विणकर जमिनीवर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडतो. मातीचा ओलावा सुताला मऊ ठेवतो, धागा कमी तुटतो. म्हणून माग माडीवर जात नाही, तळमजल्यावरच राहतो.

व्यापाऱ्याच्या वाड्याची रीत निराळी. खाली फळ्यांचं दार लावलेलं दुकान आणि गादी, मागे कोठार, वर राहायची माडी. असा वाडा खणांत मोजतात. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, आणि लाकडी तुळई जेवढी पेलेल तेवढीच तिची रुंदी. म्हणून दुकानं तोंडाला अरुंद आणि आत खोल. गंमत बघा, त्याच दुकानात चोळीचं कापडही ‘खण’ म्हणूनच विकलं जायचं!

आता मुद्द्याचं बोलू. जुन्या वाड्यांच्या भिंती पुष्कळदा सामाईक असतात. दोन घरं एकमेकांना टेकून उभी असतात. एक पाडलं की दुसऱ्याचा आधार जातो, उघड्या पडलेल्या भिंतीत पावसाचं पाणी मुरतं, कडीपाट कुजतो. त्यात भाडं जुनं. मालक म्हणतो, एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणतो, घर माझं नाही, खर्च मी का करू? दोघांचंही खोटं नाही, पण या भांडणात आधी माडी पडते आणि खाली माणसं असतात.

म्हणून आम्ही सांगतो, सगळंच जपा असा हट्ट नको. पण पाडण्याआधी शेजारच्या भिंतीला टेकू द्या. खण मोजा, फोटो काढा. घरात माग होता का, कुठे होता, हे आजीला विचारून लिहून ठेवा. इमारत गेली तरी तिचा हिशेब राहिला पाहिजे.