डोंगरमाथ्यावरून बिनतारी संभाषण

हौशी बिनतारी-चालकाने डोंगर चढून जावे आणि शिखरावरून दूरच्या चालकांशी संभाषण साधावे, अशा एका उपक्रमास २००२ सालच्या मार्च महिन्यात ब्रिटनमध्ये आरंभ झाला. 'समिट्स ऑन द एअर' हे त्याचे नाव. सर्व साहित्य स्वतः वाहून न्यावयाचे, तेलावर चालणारे जनित्र वापरावयाचे नाही आणि गुण मिळण्यासाठी निदान चार स्थानकांशी संपर्क साधावयाचा, असे त्याचे नियम आहेत.

पाठीवर वाहता येईल अशा बॅटरीतून मिळणारी शक्ती अल्पच असते. मग पाच वॉटच्या यंत्राचा संदेश शंभर किलोमीटरांवर पोहोचतो कसा?

दोन मीटर तरंगलांबीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. त्यांना अडविते ती पृथ्वीची गोलाई. शक्ती वाढविल्याने हा अडसर फारसा दूर होत नाही. उंची वाढविली की मात्र क्षितिजच मागे सरते. उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ काढून त्यास ४.१ ने गुणिले असता बिनतारी क्षितिजाचे अंतर स्थूलमानाने किलोमीटरांत मिळते. मैदानात दीड मीटर उंचीवर धरलेल्या यंत्रासाठी ते अवघे पाच किलोमीटर भरते. वेल्समधील १,०८५ मीटर उंचीच्या स्नोडन शिखरावरून समुद्राच्या दिशेने तेच सुमारे १३५ किलोमीटर होते.

मात्र जी उंची लहरींची वाट मोकळी करते, तीच विजेचा धोकाही वाढविते. शिखरावर उभारलेली एरियलची काठी विजेस सहज सापडते. म्हणून मेघगर्जना कानी येताच, चौथा संपर्क राहिला असला तरी, एरियल उतरवून खाली निघावे, हेच शहाणपणाचे होय.