औषधशास्त्राचा विद्यार्थी आणि रुग्णालयांतील गुरु

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या फार्म.डी.च्या पांचव्या वर्षांत आहे. गेल्या श्रावणांत एके दिवशीं ती रुग्णालयांतून आली ती न जेवतांच निजावयास गेली. दुसऱ्या दिवशीं कारण समजलें. वॉर्डांत एक वृद्ध बाई तोंडांत फोड येऊन दाखल झाल्या होत्या. संधिवाताकरितां त्यांना मेथोट्रेक्सेट नांवाची गोळी दिलेली होती. त्या विकारांत ही गोळी आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. रोज घेतल्यास रक्तांतील पेशी घटतात व प्रसंगीं प्राणावर बेततें. बाई ती रोज घेत होत्या. ही गोष्ट त्यांच्याशीं बोलतांना आमच्या मुलीच्या ध्यानांत आली. परंतु आदल्याच दिवशीं डॉक्टरांपुढें मध्येंच बोलल्याबद्दल तिच्या शिक्षिकेनें तिला दटावलें होतें. म्हणून ती दुपारपर्यंत गप्प राहिली. अखेर धीर करून तिनें सांगितलें, उपाय झाले, बाई बऱ्या होऊन घरीं गेल्या. पण "काका, मीं सकाळींच बोलावयास हवें होतें ना?" या तिच्या प्रश्नावर मी क्षणभर निरुत्तर झालों.

हा अभ्यासक्रम आपल्या देशांत २००८ सालीं फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनीं सुरू झाला. बारावीनंतर पांच वर्षें अध्ययन आणि सहावें वर्ष रुग्णालयांत उमेदवारीचें. त्यांतील सहा महिने सामान्य वैद्यकाच्या विभागांत व पुढें दोन दोन महिने अन्य तीन विभागांत. या काळांत ज्यांच्या हाताखालीं शिकावयाचें त्यांस प्रिसेप्टर म्हणतात.

या गुरूची अपेक्षा रास्तच असते. फेरी सुरू होण्यापूर्वीं शिष्यानें केसपेपर वाचलेले असावेत. प्रत्येक औषध कशासाठीं, किती, आणि रोग्याच्या मूत्रपिंडास तें सोसेल कीं नाहीं, हें त्यास सांगतां यावें. रोगी घरीं काय घेतो, त्यांत काढे, चूर्णें आणि शेजारणीनें दिलेली गोळीसुद्धां आली, हें गोडीनें विचारून घ्यावें. माहीत नसेल तर "पाहून सांगतों" म्हणावें. अंदाज ठोकूं नये. औषध बदलण्याचा अधिकार त्याला नाहीं. सुचविणें हेंच त्याचें काम. आणि रोग्याची गोष्ट घरच्या पंगतींत आणूं नये. (त्या बाईंचें नांव मला आजतागायत ठाऊक नाहीं.)

परंतु शिष्याचीहि कांहीं अपेक्षा असते, तिचा उच्चार क्वचितच होतो. काय करावयाचें, कोणापाशीं व केव्हां बोलावयाचें, हें पहिल्याच दिवशीं सांगावें. चूक एकांतांत दाखवावी, आणि ती सुधारण्यास अवधि असतांना दाखवावी. शेवटच्या दिवशीं गुणपत्रकांतून नव्हे. नोंदवह्या भरून घेण्यापुरतें त्याला राबवूं नये.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील दुसऱ्या अध्यायांत शिष्याच्या उपनयनाचा विधि आहे. अग्नीच्या साक्षीनें गुरु शिष्याला त्याचे नियम सांगतो, हें पुष्कळांस माहीत असतें. पण पुढेंच गुरु स्वतःलाहि बांधून घेतो: तूं नीट वागत असतां मीं तुजकडे विपरीत दृष्टीनें पाहिलें तर मी पापाचा धनी होईन व माझी विद्या निष्फळ ठरेल. हा भाग मीं अनेकदां वाचला होता. वर्गांत मात्र तीस वर्षें मुलांच्या गप्प बसण्यालाच मीं शिस्त समजलों, हें कबूल करणें भाग आहे.

मुलीला मीं एवढेंच सांगितलें कीं, बाईंनाच जाऊन विचार. ती भीतभीतच गेली. शिक्षिकेनें ऐकून घेतलें आणि दोघींत नियम ठरला: रोग्यास धोका दिसला तर फेरी चालू असो वा बाई जेवत असोत, तत्काळ येऊन सांगावयाचें, बाकीच्या शंका वहींत टिपून फेरीनंतर. ही गोष्ट आधीं सांगावयास हवी होती, असें शिक्षिका आपण होऊन म्हणाल्या.

पुढील सोमवारीं मुलीला बालरोग विभागांत जावयाचें होतें. आदल्या रात्रीं तिनें नव्या गुरूंना विचारावयाचे प्रश्न एका कागदावर लिहून काढले. पहिला प्रश्न होता, "मीं केव्हां बोलावें?"