वेल माजतो, मग फळ का धरत नाही?

पावसाळा सुरू झाला की ठाणे-पालघरच्या बाजारांत टोपल्यांतून करटोली येतात. ती बहुधा रानातली असतात, म्हणून 'रानभाजी घरी होत नाही' हा समज पक्का होऊन बसला आहे. तो चुकीचा आहे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने लागवडीसाठी 'इंदिरा कंकोडा-1' हा करटोलीचा वाणच दिला आहे.

घरच्या बागेत घोडे अडते ते दुसरीकडे. कारले, दोडका, भोपळा यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले येतात. करटोलीचा नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. बी पेरून एकच वेल वाढवला तर तो नर निघण्याची शक्यता जवळपास निम्मी. मादी निघाला, तरी आसपास नर नसेल तर फळ धरत नाही. मग शेणखताचा मारा होतो आणि वेल आणखी माजतो. दोष खताचा नसतोच! फुले आली की ओळख सोपी: मादी फुलाच्या पिवळ्या पाकळ्यांखाली इवलेसे काटेरी फळ आधीच दिसते, नर फुलाखाली नुसता देठ. फुले संध्याकाळी उमलतात. तेव्हाच नर फूल खुडून त्याचे पराग मादी फुलाच्या मधोमध अलगद टेकवावेत. आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो. म्हणूनच बियांपेक्षा, नर-मादी ठाऊक असलेल्या वेलांचे कंद आणून लावणे केव्हाही चांगले.

थंडीत हा वेल वाळतो. मेला समजून कुंडी उपसू नये. मातीतला कंद जिवंत असतो आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा फुटतो. तोवर भरपूर पाणी घातले तर मात्र तो कुजतो.

चौधारी घेवड्याची तक्रारही अशीच: मांडव भरला, शेंग नाही; म्हणजे बी भाकड. खरे कारण दिवसाची लांबी. जूनअखेर मुंबईत दिवस सव्वातेरा तासांचा असतो. चौधारीच्या बहुतेक वाणांना फुलायला त्याहून लहान दिवस लागतात, म्हणून पावसाळ्यात लावलेला वेल साधारण ऑक्टोबरपासून निळसर फुलांनी भरतो. बी टणक असते. रात्रभर भिजवून पेरावे. आणि खायची ती फक्त शेंग, हेही खरे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 1975 मध्ये या वेलावर स्वतंत्र अहवाल काढला, तो त्यातल्या प्रथिनांसाठी. कोवळी पाने, फुले आणि शिजवलेले कंदही खाल्ले जातात. शेंगा मात्र कोवळ्या असतानाच तोडाव्यात. जून झाल्या की त्यांना दोर येतात.