गाडींतील अभ्यास व घरची नोकरी

बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं. त्या दिवशीं एकवीस मैलांचा तो प्रवास हा लोकांस चमत्कारच वाटला. आज सुमारें ६८ किलोमीटरांवरील बदलापुराहून हजारों माणसें रोज मुंबईंत कामास येतात, आणि त्याचें कोणास नवलहि वाटत नाहीं. नवल वाटेनासें झालें तरी वेळ जावयाचा तो जातोच. जाण्यास दीड तास, येण्यास दीड तास. आठवड्याचे पांच दिवस धरले तर पंधरा तास, आणि वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर साडेसातशें तास!

श्रोतेहो, हा हिशेब मला मांडून दाखविला तो माझ्या परिचयाच्या एका तरुणीनें. ती फोर्टांतील एका कचेरींत हिशेबनीस आहे. संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यास शिकून घरीं बसून करतां येईल अशी नोकरी मिळवावी, ही तिची मनीषा. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर अशा नोकऱ्यांची कल्पना घरोघरीं पोहोंचली आहे. पहिल्या उत्साहांत तिनें झोपेचे दोन तास कापले आणि गाडींत मोबाइलवर व्याख्यानें पाहण्याचा सपाटा लावला. परिणाम काय झाला? तिसऱ्या महिन्यांत एका रात्रीं ती बदलापूर ओलांडून थेट कर्जतला जागी झाली. आणि त्याच आठवड्यांत कचेरीच्या हिशेबांत एक शून्य अधिक पडून तिला बोलणीं खावीं लागलीं. ज्या नोकरीच्या आधारावर हा अभ्यास चालावयाचा, तीच जाण्याची वेळ आली.

तिचें चुकलें कोठें? श्रम कमी पडले नव्हते. श्रमांची जागा चुकली होती. ही विद्या दोन प्रकारांनीं अंगीं मुरते. पहिला प्रकार स्वतः लिहून, चुकून, यंत्रानें दाखविलेली चूक दुरुस्त करण्याचा. त्यास टेबल, शांतता आणि सलग वेळ हवा. चौथ्या सीटवर अर्धवट टेकून तें साधत नाहीं. दुसरा प्रकार आठवण्याचा. शिकलेलें प्रथम झपाट्यानें व मग हळूहळू विसरलें जातें, हें हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें १८८५ सालीं स्वतःवरील प्रयोगांनीं दाखवून दिलें. पुढें २००६ सालीं अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनीं विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. उतारा पुन्हां वाचणारे पांच मिनिटांनंतर सरस ठरले. परंतु आठवड्यानंतर पाहिलें तों, न पाहतां आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानांत अधिक राहिलें होतें. आणि आठवण्यास टेबल लागत नाहीं. कडीला धरून उभें राहूनहि आठवतां येतें.

म्हणून तिनें क्रम बदलला. रात्रीं पुरी झोप. पहाटे घरीं पाऊण तास केवळ लिहिण्याचा. त्यांतील दहाबारा ओळी एका चिठ्ठीवर उतरून घ्यावयाच्या, गाडींत ती एकदां वाचून मिटावयाची आणि आज्ञावली मनांतच चालवून पाहावयाची. समजा, एक ते पांच हे आंकडे क्रमानें मिळवीत जावयाचे आहेत. तिसऱ्या फेरीअखेर बेरजेच्या कप्प्यांत सहा हवेत. मनांत दहा आले, तर आपण एक फेरी पुढें गेलों! उत्तर दुसऱ्या दिवशीं पहाटे यंत्रावर ताडून पाहावयाचें. परतीच्या वाटेवर दमलेल्या डोक्यास नवें कांहीं द्यावयाचें नाहीं. वहींत तीन ओळी लिहावयाच्या: आज काय जमलें, कोठें अडलें, उद्यां प्रथम काय करावयाचें.

या तीन ओळी क्षुल्लक वाटतील. पण घरून करावयाच्या नोकरीचें मर्म त्यांतच आहे. कचेरींत शेजारच्यास हांक मारून विचारतां येतें. दूरच्या सहकाऱ्यास मात्र सारें लिहूनच कळवावें लागतें. लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं रचलेली ‘गिट’ ही व्यवस्था आज बहुतेक आज्ञावलीकार वापरतात. तींतहि प्रत्येक फेरफाराबरोबर तो काय व कशासाठीं केला, याची टीप ठेवावयाची असते. तुटक वेळ, आणि विचारावयास जवळ कोणी नाहीं, ही गाडींतील अडचण म्हणजे पुढील नोकरीची उमेदवारीच होय.

परंतु घरची नोकरी म्हणजे सुखाची नोकरी, असें समजूं नये. न्यूयॉर्कला उन्हाळ्यांत सकाळचे नऊ वाजतात तेव्हां आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. प्रवासाचा वांचलेला वेळ रात्रीच्या बैठकींत खर्चीं पडूं शकतो. यासाठीं कामाच्या वेळा लेखी ठरल्याखेरीज, व पदरीं कांहीं महिन्यांचा खर्च असल्याखेरीज, हातची नोकरी सोडणें शहाणपणाचें नाहीं.

शेवटीं घरांतील मंडळींस एक विनंती. पहाटेचा तो पाऊण तास एकट्या अभ्यास करणाराच्यानें राखवत नाहीं. दूधवाल्यास दार कोणीतरी दुसऱ्यानें उघडावें लागतें. या तरुणीच्या घरीं तें काम तिच्या सासऱ्यांनीं आपण होऊन पत्करलें. तिला घरची नोकरी अद्याप मिळालेली नाहीं. मात्र आतां ती बदलापूरलाच उतरते. परवां तिनें मला आपली वही दाखविली. पहिल्या महिन्यांत ‘कोठें अडलें’ म्हणून जें जें लिहिलें होतें, त्यांपैकीं एकाहि ठिकाणीं ती आज अडत नाहीं.