खाज थांबली म्हणजे गजकर्ण गेले असे नाही

पावसाळा लागला की पुण्याच्या वस्त्यांमध्ये गजकर्ण घरोघर पोहोचते. दहा बाय दहाची खोली, दोरीवर न वाळलेले कपडे आणि अंग पुसायला सगळ्यांना मिळून एकच टॉवेल. एकाच्या जांघेत उठलेला चट्टा बघता बघता सगळ्या घराला होतो. कोणी त्याला नायटा म्हणते, कोणी गजकर्ण. दिवसभर गमबूट घालून राबणारे सफाई कामगार, मार्केट यार्डातले हमाल, रिक्षा चालवणारे बंधू, चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या भगिनी, यांच्या अंगाला घाम आणि ओल सुटत नाही. बुरशीला नेमके तेच हवे असते. त्यामुळे हा रोग कष्टकऱ्यांना अधिक छळतो. तो देवीचा कोप नाही आणि त्यात लाजण्यासारखेही काही नाही. तो बुरशीचा संसर्ग आहे आणि योग्य औषधाने बरा होतो.

पण जागा अवघड असते. परकराच्या नाडीखाली, स्तनांखाली, जांघेत. डॉक्टरला दाखवायची लाज वाटते, शिवाय एक खाडा पडला की मजुरी बुडते. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणून सांगितले जाते. दुकानदार ट्यूब देतो, दोन दिवसांत खाज थांबते. आमच्या मते खरे संकट इथूनच सुरू होते.

ट्यूबमध्ये असते काय?

अशा अनेक ट्यूबमध्ये तीन-चार औषधे एकत्र असतात. एक बुरशी मारणारे, एक जंतू मारणारे आणि त्यांच्या जोडीला स्टिरॉइड. खाज आणि लाली पटकन जाते ती स्टिरॉइडमुळे. पण स्टिरॉइड बुरशीला मारत नाही. बुरशीशी लढणारी शरीराची ताकदच ते त्या जागी दाबून टाकते. वरून कातडी बरी दिसते आणि आत बुरशी पसरत राहते. मलम थांबवले की चट्टे पुन्हा उठतात, पहिल्यापेक्षा मोठे. कधी एका गोलात दुसरा गोल दिसतो, कधी कडा पुसट होतात आणि डॉक्टरांनाही रोग ओळखणे कठीण जाते. महिनोन्‌महिने असे मलम लावले तर जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे पट्टे पडतात. चेहऱ्यावर लावले तर पुटकुळ्या येतात, लव वाढते. लहान मुलांच्या अंगात हे औषध कातडीतून अधिक मुरते.

हे संकट सरकारलाही दिसले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत अशी मलमेही होती. त्याच वर्षी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली. पुढे २०२० मध्ये जपानी संशोधकांनी या बुरशीच्या एका नव्या जातीला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव दिले. नावातच आपला देश आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. २०२३ मध्ये तिचे रुग्ण न्यूयॉर्कमध्येही आढळले. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांचा बेसुमार वापर हे तिच्या फैलावाचे एक मोठे कारण असावे, असे अनेक तज्ज्ञ मानतात.

बुरशीवरच्या औषधांशी आपल्या भागाचेही जुने नाते आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथल्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्याच मातीतल्या सूक्ष्मजीवापासून 'हमायसिन' हे बुरशीनाशक शोधले. त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे. आज गजकर्णासाठी वेगळी औषधे वापरतात, पण मूळ तत्त्व तेच आहे. बुरशी मारायची तर बुरशीनाशकच हवे.

ट्यूब वाचून घ्या

मलम घेताना मोठ्या अक्षरातले नाव सोडा, खालची बारीक अक्षरे वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीकडून वाचून घ्या. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसले तर त्यात स्टिरॉइड आहे. ती ट्यूब गजकर्णाला लावू नका. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, किटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीनाशके आहेत. ट्यूबमध्ये यांपैकी एकच औषध असावे.

जागा धुवून पूर्ण कोरडी करावी. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे जागा धरून पातळ थर लावावा. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी मलमाची रेघ दोन पंजांएवढ्या जागेला पुरते, जाड लेप देऊन गुण लवकर येत नाही. लावल्यावर हात धुवावेत. मलम दिवसातून किती वेळा लावायचे हे औषधागणिक बदलते, ते विचारून घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खाज थांबली, डाग गेला, तरी साधारण दोन आठवडे मलम चालू ठेवावे. अर्धवट सोडलेले गजकर्ण परत येते. जळजळ झाली किंवा फोड आले तर मलम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

रॉकेल, चुना, बॅटरीतले पाणी असले काही चट्ट्यावर लावू नका. कातडी भाजते, बुरशी राहते.

घर मिळून उपचार

ज्यांना चट्टे आहेत त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवावा. आतले कपडे रोज बदलावेत, गरम पाण्यात धुवावेत, उलटे करून उन्हात वाळवावेत. ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. घट्ट जीन्स किंवा नायलॉनपेक्षा सैल सुती कपडे बरे. गमबूट घालणाऱ्यांनी घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, म्हणजे चिखल्या होणार नाहीत.

पुढील बाबतीत मलमावर विसंबू नका. डोक्यात चाई पडल्यासारखे चट्टे असलेली मुले, नखात शिरलेली बुरशी, अंगभर पसरलेले गजकर्ण, मधुमेह असलेले रुग्ण, गरोदर भगिनी. यांनी डॉक्टरांनाच दाखवावे. काहींना पोटातून गोळ्या लागतात, त्याही मनाने घेऊ नयेत. रात्री घरातल्या सगळ्यांनाच खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल तर ती खरूज असू शकते, तिचे औषध वेगळे. आणि फिकट किंवा लालसर डाग खाजत नसेल, तिथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी ताबडतोब करून घ्यावी. त्याचा उपचार सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतो आणि वेळेवर घेतला तर रोग पूर्ण बरा होतो.

ससूनमध्ये केसपेपर काढून त्वचारोग विभागात दाखवता येते. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या. स्टिरॉइड लावले असेल तर ते लपवू नका, डॉक्टरांना तेच आधी कळायला हवे. तिथे रोज असेच रुग्ण येतात, कोणी हसत नाही. एक दिवसाचा खाडा जड जातो हे आम्ही जाणतो. पण महिन्यामागून महिने ट्यूब विकत घेण्यात जाणारा पैसा त्याहून जास्त होतो, आणि रोग मात्र घरातच राहतो.